मातीवरची चार चाकं: एटीव्ही आणि बग्गीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी दोन प्रकारच्या गाड्यांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. एक एटीव्ही, म्हणजे हँडलची, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची क्वाड बाईक. दुसरी साइड-बाय-साइड, म्हणजे स्टिअरिंग, शेजारीशेजारी सीट आणि डोक्यावर पाइपांचा पिंजरा असलेली बग्गी. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. लिहिणाऱ्याला मोटरसायकल तरी चांगली येते किंवा कार तरी, आणि नेमकी तीच सवय त्याला इथे नडते आहे. त्यामुळे काय करायचं याच्या जोडीला असं का होतं तेही लिहिलं आहे. आमच्या उत्तरात आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत फरक दिसला, तर पुस्तिकेचं ऐका.

प्रश्न: बरीच वर्षं मोटरसायकल चालवतो. पण क्वाड बाईक माझ्याकडून वळतच नाही. हँडल वळवलं तरी ती सरळ जात राहते, आणि थोडा वेग वाढवला की आतल्या बाजूची चाकं उचलली जातात. दोष गाडीत आहे की माझ्यात?

दोष सवयीचा आहे. मोटरसायकल वळणात स्वतः आत झुकते, क्वाड झुकत नाही. वळणात तिचं वजन बाहेरच्या दोन चाकांकडे सरकतं, आणि ते परत आत आणायचं काम चालवणाऱ्याच्या शरीराचं असतं.

आता ‘वळत नाही’ याचं कारण. बऱ्याच क्वाडना, विशेषतः स्पोर्ट प्रकारच्या, मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर (ॲक्सलवर) घट्ट बसवलेली असतात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणजे दोघांपैकी एकाला घसरावंच लागतं. तुम्ही सीटच्या मधोमध ताठ बसलात की दोन्ही चाकांवर सारखं वजन येतं, कोणतंच घसरत नाही आणि मागचा ॲक्सल सगळ्या गाडीला नाकासमोर ढकलत राहतो. मग माणूस वैतागून हँडल आणखी वळवतो, थ्रॉटल (अंगठ्याने दाबायची रेस) आणखी दाबतो. पुढच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी झटक्यात आत वळते. आतली चाकं उचलली जातात ती इथे.

म्हणून वळणाच्या आधीच थ्रॉटल सोडा, लागला तर ब्रेक लावून वेग कमी करा. सीटवर थोडं पुढे सरका. वरचं शरीर वळणाच्या आतल्या बाजूला न्या, पण पायाचा दाब बाहेरच्या पायटेकीवर ठेवा. यामुळे आतलं मागचं चाक हलकं होऊन जरासं घसरतं आणि गाडी वळते. थ्रॉटल वळणभर एकसारखा हलका धरा, मध्येच सोडू नका आणि झटका देऊ नका. वेग जितका जास्त तितकं शरीर आत. पण याला मर्यादा आहे. त्याच वळणावर वेग दुप्पट केलात तर गाडीला बाहेर लोटणारा जोर चौपट होतो; शरीर मात्र फार तर वीतभरच आत नेता येतं.

आतली चाकं उचलली गेलीच, तर शरीर आणखी आत टाका, थ्रॉटल हळूहळू सोडा आणि जागा असेल तर हँडल थोडं सरळ करून वळण मोठं करा.

सराव सपाट, मोकळ्या मातीवर करा. दहा-बारा मीटर अंतरावर दोन खुणा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. डावं वळण आणि उजवं वळण सारखंच सहज येईपर्यंत वेग वाढवू नका. उजव्या बाजूचं वळण बहुतेकांना अवघड जातं, कारण थ्रॉटलचा अंगठाही त्याच हातात आणि हँडल त्या बाजूने पोटाकडे येतं. मनगट दुमडलं की अंगठ्यावरचा ताबा जातो.

मोटरसायकलवाल्यांची दुसरी सवय याहून वाईट: तोल गेल्यासारखा वाटला की पाय जमिनीवर टेकवणं. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर चढतं, टाच ओढून घेतं आणि माणूस गाडीखाली येतो. गाडी चालू असताना पाय पायटेकीवरच राहिले पाहिजेत. ही सवय मोडल्याशिवाय मैदानातून बाहेर पडू नका.

प्रश्न: टायरमध्ये कारप्रमाणे ३० पीएसआय हवा भरली तर पंक्चर कमी होतील ना?

टायर रिममधून फुटून उडण्याची वेळ येऊ शकते. क्वाडचे टायर साधारण ३ ते ७ पीएसआयवर चालतात. नेमका आकडा टायरच्या बाजूवर किंवा मडगार्डजवळच्या पट्टीवर असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. इतक्या कमी हवेमुळेच टायर दगडावर दबतो, मातीला पसरून धरतो आणि सस्पेन्शनचं बरंच काम करतो. हवा जास्त झाली तर गाडी प्रत्येक दगडावर उसळते आणि पकड जाते. कमी झाली तर वळणात टायरची कड रिममधून निसटते किंवा रिम दगडावर आपटून वाकते.

कारचा गेज इथे निरुपयोगी आहे. त्याच्या काट्याची पहिली रेघच ५ पीएसआयच्या आसपास असते. ० ते १० पीएसआय दाखवणारा कमी दाबाचा गेज घ्या. ५ पीएसआयच्या टायरमध्ये १ पीएसआयचा फरक म्हणजे वीस टक्के, आणि उजव्या-डाव्या चाकात एवढा फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते. हवा टायर थंड असताना तपासा आणि हातपंपाने किंवा पायपंपाने भरा. मोठ्या कॉम्प्रेसरने भरताना एका श्वासात दाब मर्यादेपलीकडे जातो.

दाब सारखा असूनही गाडी एका बाजूला जात असेल, तर मागच्या दोन्ही टायरचा घेर मेजरिंग टेपने मोजा. एक टायर जास्त झिजलेला किंवा वेगळ्या बनावटीचा असेल तर घेरात फरक निघतो, आणि एकाच दांड्यावरच्या दोन चाकांना तो फरक सतत जाणवत राहतो.

प्रश्न: चढावर मध्येच दम गेला आणि गाडी मागे येऊ लागली. मी मागचा ब्रेक जोरात दाबला तर पुढची चाकंच उचलली गेली. अशा वेळी करायचं काय?

थोडक्यात वाचलात. मागे येणारी गाडी मागच्या चाकांनी एकदम अडवली की सगळी गती पुढच्या भागाला वर उचलते, आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगावरून उलटी होते. क्वाडच्या अपघातांत हा प्रकार फार वाईट, कारण माणूस गाडी आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो.

चढ घेण्याआधी चार गोष्टी. चढाच्या पलीकडे काय आहे ते माहीत नसेल तर आधी पायी चढून पाहा. आधीच खालचा गिअर किंवा लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) टाका. मध्ये गिअर बदलताना गती तुटते. शरीर पुढे घ्या, चढ तीव्र असेल तर पायटेकीवर उभे राहून छाती हँडलवर आणा. आणि थ्रॉटल एकसारखा ठेवा, कारण चढावर अचानक दिलेली रेसही पुढची चाकं उचलते.

गती संपत चालली आहे असं वाटलं, पण गाडी अजून पुढेच जाते आहे, तर वर चढवायचा हट्ट सोडा. गाडी आपोआप थांबून मागे येऊ लागण्याआधीच ती ब्रेकने हळू थांबवा आणि पार्किंग ब्रेक लावा. शरीर पुढेच ठेवा. इंजिन बंद, गाडी पुढच्याच गिअरमध्ये.

मागे घरंगळायला लागलीच, तर शरीर चढाकडे झोकून द्या, थ्रॉटल अजिबात देऊ नका, मागचा पायाचा ब्रेक दाबू नका. हाताचा पुढचा ब्रेक, किंवा चारही चाकांचा एकच लिव्हर असेल तर तो, हळूहळू आवळत न्या. गाडी पूर्ण थांबली की मग पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक. थांबतच नसेल तर चढाच्या बाजूने उतरा आणि गाडी सोडून द्या. ती वाचवण्यासाठी हँडल धरून राहू नका.

आता थांबलेली गाडी वळवून खाली आणायची. उलट्या गिअरमध्ये सरळ मागे उतरू नका. डाव्या बाजूने उतरा आणि गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ, चढाच्या बाजूला उभे राहा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. हाताचा ब्रेक धरून पार्किंग ब्रेक सोडा आणि ब्रेक जरा जरा सैल करत गाडी मागे येऊ द्या. मागचा भाग डावीकडे खाली जातो आणि नाक उजवीकडे फिरत येतं. नाक चढाला आडवं किंवा किंचित खाली झालं की पुन्हा पार्किंग ब्रेक लावा. आता गाडीची डावी बाजू चढाकडे आहे आणि तुम्हीही तिथेच आहात. त्याच बाजूने बसा, वजन चढाकडे ठेवा, इंजिन सुरू करून हळू खाली या. गाडीच्या खालच्या बाजूला या सगळ्यात एकदाही जायचं नाही. हे वळण आधी अगदी सौम्य उतारावर दोन-तीनदा करून बघा; खऱ्या चढावर घाबरलेल्या हातांना नवीन काही सुचत नसतं.

प्रश्न: उतारावर थ्रॉटल सोडला तरी माझी ऑटोमॅटिक क्वाड न्यूट्रलमध्ये असल्यासारखी पळते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. बेल्टवर चालणाऱ्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनचे फेरे एका मर्यादेखाली आले की क्लच सुटतो आणि इंजिनचा अडसर नाहीसा होतो. उतार सुरू होण्यापूर्वी लो रेंज टाका, वेग चालण्याइतका करा आणि मग नाक खाली घाला. उतरताना गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटली तर ब्रेकने वेग आवरा आणि थ्रॉटलला निमिषभर हलका स्पर्श करा. क्लच परत धरतो.

सीटवर मागे सरका, हात जवळजवळ सरळ, गुडघे टाकीला आवळून. ब्रेक पुढचा-मागचा दोन्ही, हलके, आणि हँडल सरळ असतानाच. सुट्या खडीवर चाक जाम झालं की ते घसरतं. मागचा भाग आडवा यायला लागला तर ब्रेक सोडून हँडल त्याच बाजूला वळवा. एक बारकावा: काही फोर-व्हील गाड्यांत पुढची चाकं मागची घसरल्यावरच जोडली जातात. म्हणजे उतारावर इंजिनचा अडसर फक्त मागच्या, हलक्या झालेल्या चाकांना मिळतो. तुमची गाडी तशी आहे का हे पुस्तिकेत बघून ठेवा.

प्रश्न: किती अंशांच्या आडव्या उतारावरून गाडी नेणं सुरक्षित असतं?

उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यानची मर्यादा दिलेली असते. हा आकडा वाचून अनेकांना वाटतं की कंपनी उगाच घाबरवते. हिशेब करून पाहू.

समजा चाकांमधली रुंदी १ मीटर आहे आणि चालवणाऱ्यासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. अर्धी रुंदी ५० भागिले ७५. हा झुकाव साधारण ३४ अंशांचा होतो. म्हणजे सपाट, कडक फळीवर उभी केलेली गाडी ३४ अंशांला उलटेल. आता २० अंशांच्या उतारावर चढाकडच्या चाकाखाली १५ सेंटिमीटरचा दगड आला, किंवा उताराकडचं चाक तेवढ्याच खड्ड्यात गेलं. गाडी आणखी जवळजवळ ९ अंश झुकली. झाले २९. खालच्या बाजूचे टायर आणि सस्पेन्शन दबतात, त्यात आणखी काही अंश जातात. वेगात दगडावर चढल्याचा झटका वेगळाच. ३४ ची गाडी २० वर का उलटते ते इथे दिसतं. मागच्या कॅरिअरवर उंच सामान बांधलं असेल तर मूळचे ३४ सुद्धा उरत नाहीत. अर्धी भरलेली पाण्याची टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण पाणी नेमकं खालच्या बाजूला धावतं.

डोळ्यांवर विसंबू नका. फोनमधला कोन मोजणारा प्रोग्राम सुरू करून फोन उतारावर ठेवलेल्या फळीवर ठेवा. २० अंश म्हणजे १०० मीटर आडव्या अंतराला सुमारे ३६ मीटर चढ.

आडवं जावंच लागलं तर वजन चढाकडे, वेग चालण्याचा, आणि जमीन सैल असेल तर हँडल किंचित चढाकडे. गाडी कलंडायला लागली आणि खाली मोकळी जागा असेल तर लगेच हँडल उताराकडे वळवा. इथे मन उलट सांगतं. चढाकडे वळवावंसं वाटतं आणि गाडी पक्की उलटते. वळवायला जागा नसेल तर चढाच्या बाजूने उतरून जा.

ऑस्ट्रेलियात नव्या क्वाडसोबत, ती किती अंशांना दोन चाकांवर येते तो आकडा लिहिलेली पट्टी देणं बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाडना चालवणाऱ्याला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची झाली. मागे उभारलेली ही चौकट उलटलेली गाडी अंगावर पूर्ण बसू देत नाही. गाडी उलटणं मात्र ती थांबवत नाही.

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा आहे, उंच आहे. मोठी क्वाड वेग मर्यादित करून दिली तर चालेल का?

नाही. वेग हा अर्धाच प्रश्न आहे. २७५ किलोच्या गाडीवर ७५ किलोचा माणूस शरीर २० सेंटिमीटर बाजूला नेतो तेव्हा दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ४.३ सेंटिमीटर सरकतो. त्याच गाडीवर ३० किलोच्या मुलाने तेवढंच शरीर हलवलं तर जेमतेम २ सेंटिमीटर. म्हणजे मूल सगळं बरोबर करत असलं तरी गाडी त्याचं ऐकत नाही. शिवाय उलटलेली गाडी ते अंगावरून हलवू शकत नाही.

गाडीवरच्या इशाऱ्याच्या पट्टीवर किमान वय छापलेलं असतं: ६, १०, १२, १४ किंवा १६. मोठ्या गाड्यांवर १६ असतं. तुमच्या मुलासाठी ‘१०+’ लिहिलेली गाडी बघा, आणि मग ती त्याला बसते का ते तपासा. पायटेकीवर उभं राहिल्यावर सीट आणि जांघ यांच्यात ८ ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. बसल्यावर मांड्या साधारण जमिनीला समांतर हव्यात आणि पुढे न वाकता हात हँडलवर ठेवल्यावर कोपर वाकलेलं हवं. बोटं सरळ केली तर मधल्या बोटाचं टोकाकडचं पेर ब्रेकच्या लिव्हरपलीकडे गेलं पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अंगठा थ्रॉटलवर पोचतो का तेही बघा.

लहान गाडीच्या थ्रॉटलच्या डबीवर एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की अंगठा किती दाबला जाईल त्याची हद्द ठरते. सुरुवातीला तो बराच आत ठेवा. गाडीला मनगटाला किंवा मागे चालणाऱ्या पालकाच्या हातात धरायच्या दोरीचा किल स्विच (इंजिन तात्काळ बंद करणारा) असेल तर तो रोज ओढून, इंजिन खरंच बंद होतं का ते पाहा. आणि नजरेआड जाऊ देऊ नका, सोबत दुसरं मूल चालवत असेल तर मुळीच नाही.

प्रश्न: सीट इतकी लांब आहे, मग मागे एक जण का बसू नये?

ती लांबी चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकण्यासाठी दिलेली असते. मागे माणूस बसला की तुम्हाला सरकायला जागा उरत नाही, चढावर त्याचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे जातं आणि वळणात तो घाबरून बाहेरच्या बाजूला झुकतो. दोघांसाठी बनवलेल्या क्वाडची चाकांमधली लांबी जास्त असते, मागे वेगळी सीट, हाताने धरायच्या मुठी आणि पायटेकी असतात. तशी नसेल तर एकच माणूस.

प्रश्न: ओढा ओलांडताना पाणी किती खोल चालतं? आणि पलीकडे गेल्यावर इंजिन ओरडत होतं पण गाडी हलत नव्हती, ते का?

बहुतेक क्वाडसाठी पाणी पायटेकीच्या वर जाऊ नये. आधी काठी घेऊन पायी ओलांडा. तळ खडीचा आहे की गाळाचा, पलीकडचा काठ चढता येईल का, ते कळतं. वाहतं पाणी पायाने जोर लावून उभं राहावं लागेल इतकं असेल तर परत फिरा. कमी हवेचे फुगीर टायर पाण्यात तरंगू लागतात आणि गाडी तळावरून उचलली गेली की हँडलला अर्थ उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बेल्टच्या डबीत आहे. तिच्यात पाणी गेलं की ओला बेल्ट पुलीवर घसरतो. रेस देत राहिलात तर तो जळतो. सपाटीला थांबा, डबीच्या तळाचा बोल्ट किंवा रबरी बूच काढून पाणी जाऊ द्या, परत लावा, मग न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं फिरवा म्हणजे बेल्ट वाळतो. नंतर लो रेंजमध्ये हळू निघा. बाहेर आल्यावर ब्रेकही ओले असतात. चालत्या गाडीत हलके दाबत राहा, धरायला लागेपर्यंत.

पाण्यातच इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढा, एअर फिल्टरची पेटी उघडा. आत पाणी असेल तर स्पार्क प्लग काढून ते बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याखेरीज इंजिन चालवू नका.

प्रश्न: बग्गीला पिंजरा आहेच, मग हेल्मेट आणि पट्टा कशाला? गाडी कलंडली तर पिंजऱ्याचा पाइप धरायचा ना?

पाइप धरलात तर बोटं पाइप आणि जमीन यांच्यामध्ये येतील. पिंजरा तुम्हाला वाचवतो तो तुम्ही त्याच्या आत राहिलात तरच, आणि आत ठेवण्याचं काम पट्टा, दार आणि जाळी करतात. कलंडताना हात किंवा पाय बाहेर टाकून गाडी अडवायची ऊर्मी येते. ती आली की हात स्टिअरिंगवर किंवा समोरच्या धरायच्या मुठीवर आणि पाय फरशीवर रोवायचे, एवढंच लक्षात ठेवा. सगळी गडबड दोन सेकंदांत संपते.

हेल्मेट चेहरा झाकणारं घ्या. पट्टा लावलेलं डोकंसुद्धा कलंडताना पिंजऱ्याच्या पाइपावर आपटतं. सोबतच्याची पाठ सीटला टेकलेली असताना पाय फरशीवर सपाट पोचत नसतील, तर तो या गाडीसाठी अजून लहान आहे. आणि स्टिअरिंग धरताना अंगठे चकतीच्या आत अडकवू नका. चाक दगडाला धडकलं की स्टिअरिंग झटक्यात फिरून अंगठा मोडतं.

प्रश्न: डांबरी रस्त्यावर थोडं अंतर जायला हरकत आहे का?

आहे. डांबर टायरला घट्ट धरतं. डिफरन्शियल नसलेल्या ॲक्सलला घसरायला जागा मिळत नाही, त्यामुळे गाडी आधी वळत नाही आणि मग उलटते. रस्ता फक्त काटकोनात ओलांडा, तेही नियम परवानगी देत असतील तर, आणि फोर-व्हीलचं लॉक सोडून.

प्रश्न: चिखलात रुतलेली गाडी विंचने (दोर ड्रमवर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) काढताना दोर तुटला. कुणाला लागलं नाही, पण आता विंच लावायची भीती वाटते.

थोडी भीती असू द्या. ताणलेल्या तारेच्या दोरात बरीच ऊर्जा साठते आणि तुटल्यावर तो चाबकासारखा परत येतो.

दोर तुटण्याची नेहमीची कारणं तीन. पहिलं, दोर झाडाभोवती गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवणं. वाकलेल्या जागी तारा पिचतात, शिवाय झाडाची साल जाते. रुंद पट्टा आणि शॅकल (बोल्टने बंद होणारी लोखंडी कडी) वापरा. दुसरं, झटके देणं. आधी दोर सावकाश ताठ करा, थांबा, हुक नीट बसलाय का पाहा, मग ओढा. तिसरं, जुना, केस सुटलेला किंवा दबलेला दोर.

ड्रमवर कायम किमान ५ वेढे शिल्लक ठेवा, नाहीतर सगळा ताण दोराच्या टोकाच्या छोट्या स्क्रूवर येतो. कृत्रिम धाग्याचा दोर जास्त घसरतो, त्याला पुस्तिकेप्रमाणे आणखी वेढे लागतात. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराची असते. वरच्या थरांवर ती घटत जाते. म्हणून झाड जवळ असलं तरी जरा लांबचं निवडा, किंवा दोर पुलीतून फिरवून परत गाडीलाच अडकवा. ओढण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा. मोटरही कमी तापते.

दोराच्या मध्यावर जाड जाकीट किंवा ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर तो जमिनीकडे पडतो. बाकीच्यांना ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं करा, ओळीत कुणी नको. चामड्याचे हातमोजे घाला, आणि दोर आत येत असताना हात ड्रमपासून लांब ठेवा. ओढण्याआधी चाकांसमोरचा चिखल फावड्याने उकरून उतार करून घ्या. रुतलेली गाडी ओढायला लागणारा जोर यानेच एवढा कमी होतो की पुष्कळदा विंच लावावाच लागत नाही.

प्रश्न: निघण्याआधी रोज काय तपासावं? यादी लांब असली की कंटाळा येतो.

एकच तपासायचं असेल तर थ्रॉटल. इंजिन बंद ठेवून अंगठ्याने पूर्ण दाबा आणि सोडा. तो टक्कन परत आला पाहिजे. हेच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून करा. केबल कुठे अडकत किंवा ताणली जात असेल तर ती नेमकी वळणावरच दगा देते. मग इंजिन सुरू करून किल स्विच दाबून बघा.

वेळ असेल तर टायरची हवा, चाकांचे नट, दोन्ही ब्रेक, ऑइल, चेन असेल तर तिचा ढिलेपणा. चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे, आणि ती गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही.